मोटारगाडी : तिची निगा आणि सुरक्षितता

जबलपूर शहराच्या पूर्वेस रांझी नावाची वस्ती आहे. ह्या वस्तीचा आणि मोटारवाहनांचा संबंध जुना आहे. जबलपुरात १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला. त्याच कारखान्यात १९५९ मध्ये जर्मनीतील ‘मान’ ह्या कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ ह्या लष्करी मालमोटारीचे उत्पादन सुरू झाले. पुढे १९६९ मध्ये रांझीलगत स्वतंत्र वाहन निर्माणी उभी राहिली आणि ‘शक्तिमान’बरोबरच जपानच्या निसान कंपनीच्या नमुन्यावरील ‘जोंगा’ ही गाडीही येथे तयार होऊ लागली. १ ऑक्टोबर २०२१ पासून ही निर्माणी ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’ ह्या सरकारी कंपनीचा भाग आहे. येथील कित्येक घरांत वाहन घडविणारे हात आहेत.

आज त्याच घरांसमोर कुटुंबाच्या मोटारी उभ्या दिसतात. ज्या काळी ‘शक्तिमान’ बनू लागली, त्या काळी खाजगी मोटार ही थोड्यांच्या भाग्याची वस्तू होती. आता ती शिक्षकाच्या, कामगाराच्या आणि दुकानदाराच्याही दारी आली आहे. तथापि मोटार विकत घेणे आणि मोटार बाळगणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विकत घेण्यास पैसा लागतो. सुरक्षितपणे बाळगण्यास पैशाबरोबर थोडे ज्ञान आणि नियमितपणा लागतो.

जुने वाहन आणि नवे वाहन

जुन्या वाहनातील बिघाड बहुधा बोलका असे. इंजिन खडखडू लागे, नळीतून थेंब गळत, धुराचा रंग बदले, गियर टाकताना हात अडे. अनुभवी चालक कानाने व नाकाने रोग ओळखी आणि पाना घेऊन स्वतःच उपचार करी.

आजच्या मोटारीत इंजिनाचा कारभार एक लहानसा संगणक पाहतो. इंजिनाचे तापमान, आत येणारी हवा, बाहेर पडणाऱ्या वायूंतील प्राणवायू, चाकांची गती ह्या सर्वांची मोजमापे संवेदक त्याच्याकडे पाठवितात आणि तो प्रतिक्षणी इंधनाचे प्रमाण ठरवितो. ह्यामुळे गाडी शांत चालते, इंधन कमी लागते व धूरही कमी होतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले ‘भारत स्टेज ६’ हे प्रदूषणाचे कडक मान ह्या व्यवस्थेवाचून पाळता येणे कठीण होते.

परंतु ह्या सुखाची दुसरी बाजूही आहे. लहानसहान उणीव संगणक परस्पर भरून काढतो. त्यामुळे दोष वाढत असतानाही गाडी वरवर ठीक चालते. शिवाय अनेक महत्त्वाचे भाग असे आहेत की त्यांच्यावर कोणत्याही संवेदकाची नजर नसते. म्हणून आधुनिक मोटारीच्या बाबतीत ‘तक्रार आली की दुरुस्ती’ हा नियम अपुरा पडतो. दिवस आणि किलोमीटर मोजून, तक्रार नसतानाच तपासणी करणे हा खरा नियम होय. यंत्रशास्त्रात ह्यास प्रतिबंधक देखभाल म्हणतात.

टायर : पोस्टकार्डाएवढी जमीन

मोटारीचे सारे वजन जमिनीवर किती जागेत टेकते, ह्याचा हिशेब सोपा आहे. प्रवाशांसह १२०० किलो वजनाच्या लहान मोटारीच्या प्रत्येक चाकावर सरासरी ३०० किलो भार येतो. टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो, म्हणजे पंपावरच्या भाषेत ३० पौंड, असतो. ३०० ला २.१ ने भागले असता सुमारे १४३ चौरस सेंटिमीटर येतात. टपालाच्या साध्या पोस्टकार्डाहून ही जागा किंचित मोठी भरते. अशा चार पोस्टकार्डांच्या बळावर गाडी वळते, वेग घेते आणि थांबते. ब्रेक चाकाला थांबवितो हे खरे. पण गाडीला थांबवितो तो टायर आणि रस्ता ह्यांच्यातील घर्षणाचा जोर.

हवा कमी असली म्हणजे टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते व पुन्हा सरळ होते. तार वारंवार वाकविली असता ती जशी गरम होते, तसाच हा टायरही तापतो. मे महिन्यात जबलपूरचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि रस्ता हवेहूनही अधिक तापलेला असतो. अशा वेळी कमी हवा, भरगच्च सामान आणि सतत मोठा वेग ही तिन्ही एकत्र आली की टायर फुटण्याचा धोका फार वाढतो. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी’ हा समज म्हणूनच घातक आहे. चालताना दाब थोडा वाढणार हे गृहीत धरूनच निर्मात्याने तो ठरविलेला असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर तो छापलेला आढळतो. टायर थंड असताना, म्हणजे गाडी दोन-तीन किलोमीटरांहून अधिक चाललेली नसताना, तो मोजावा. मागे पूर्ण भार असल्यास त्यासाठी दिलेला वेगळा आकडा पाळावा. सुट्या चाकाची, म्हणजे स्टेपनीची, हवाही विसरू नये.

पावसाळ्यात टायरवरील खाचांचे काम कळून येते. रस्त्यावरचे पाणी ह्या खाचांतून बाजूला ढकलले जाते व रबर रस्त्याला टेकते. खाचा झिजल्या म्हणजे पाण्याला वाट उरत नाही. मग मोठ्या वेगात टायर पाण्याच्या थरावर चढून घसरू लागतो, आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. साधारण दाबाच्या टायरबाबत साचलेल्या पाण्यात ताशी ९० किलोमीटरांच्या आसपास हा प्रकार घडू शकतो. झिजलेल्या टायरबाबत त्याहून पुष्कळ कमी वेगातही. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलणे आवश्यक ठरते. त्याची खूण म्हणून खाचांच्या तळाशी लहान उंचवटे ठेवलेले असतात; रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायरचे काम संपले. टायरचे वयही पाहावे. बाजूच्या भिंतीवर चार अंक असतात : ‘३५२३’ ह्याचा अर्थ २०२३ ह्या वर्षाचा ३५ वा आठवडा. रबर उन्हाने व काळाने कठीण होते आणि त्यास बारीक तडे जातात. कमी चाललेल्या गाडीचे टायरही म्हणून निर्धोक समजू नयेत.

ब्रेक : गतीचे उष्णतेत रूपांतर

धावत्या मोटारीत गतिज ऊर्जा साठलेली असते. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२०० किलोची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे १,६७,००० जूल ऊर्जा असते. गाडी थांबविताना ही ऊर्जा नाहीशी होत नाही. ब्रेकच्या तबकड्या व घर्षणपट्ट्या ह्यांत तिची उष्णता बनते. तेवढ्या उष्णतेने अर्धा लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत येईल. वेग दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, म्हणजे दोन लिटर पाणी उकळेल.

आता ही गोष्ट घाटात पाहावी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. परंतु नागपूरशी असलेले जबलपूरच्या मराठी कुटुंबांचे नाते ह्या सीमेमुळे तुटले नाही. लग्नकार्यासाठी, शिक्षणासाठी व उपचारांसाठी ह्या रस्त्यावर सतत ये-जा चालते. वाटेतील सिवनी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, तर नागपूर सुमारे ३०० मीटर. सिवनीच्या पुढे कुरईचा घाट उतरावा लागतो. १०० मीटर उतरताना वर सांगितलेल्या मोटारीची सुमारे ११,८०,००० जूल ऊर्जा मोकळी होते. हवेचा विरोध व इंजिन ह्यांनी त्यातील वाटा उचलला नाही, तर ताशी ६० किलोमीटर वेगातून सात वेळा गाडी थांबविल्याइतकी उष्णता ब्रेकवर पडेल.

येथे ब्रेकच्या तेलाचे महत्त्व ध्यानात येते. पायाचा दाब चाकापर्यंत पोचविणारा हा द्रव ग्लायकॉल जातीच्या रसायनांचा असतो. द्रव दाबाने आकुंचन पावत नाही, ह्या गुणावर ही योजना उभी आहे. परंतु ह्या तेलास एक खोड आहे : ते हवेतील बाष्प शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर मात्र ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात ब्रेक अतिशय तापले आणि त्या उष्णतेने जुने तेल उकळले, तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ आकुंचन पावते. म्हणून पायाखालचा पेडल खोल जातो आणि गाडी थांबत नाही. गावातल्या सपाट रस्त्यावर वर्षानुवर्षे नीट चाललेले ब्रेक घाटात एकाएकी दगा देतात, त्याचे हे एक कारण होय. सर्वसाधारण गाडीत ह्या तेलातील पाण्याची सूचना देणारा कोणताही दिवा नसतो. म्हणून पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, बहुधा दर दोन वर्षांनी, ते बदलावे. आणि घाट उतरताना खालचा गियर टाकून इंजिनालाच गाडी धरू द्यावी. पाय सतत ब्रेकवर ठेवू नये, गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये आणि उतारावर इंजिन बंद करून इंधन वाचविण्याचा मोह तर मुळीच धरू नये. इंजिन बंद होताच ब्रेकला व स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य थांबते.

घर्षणपट्ट्या झिजत आल्या की अनेक गाड्यांत त्यांतील पत्र्याची जीभ तबकडीला घासून ‘चीं’ असा आवाज करते. हा आवाज म्हणजे वेळेवर दिलेला इशारा आहे. गाडी एका बाजूला ओढणे, पेडल थरथरणे किंवा नेहमीपेक्षा मऊ लागणे हेही तसेच इशारे होत.

आता बहुतेक नव्या मोटारींत चाके जखडू न देणारी ब्रेकव्यवस्था असते. जोराचा ब्रेक दाबला असता चाक घसरू लागले की ही व्यवस्था त्यावरचा दाब सेकंदात अनेक वेळा कमी-अधिक करते, आणि चालकास गाडी वळविता येते. अशा वेळी पेडल पायाखाली धडधडते. घाबरून पाय उचलू नये. परंतु ही व्यवस्था नवे घर्षण निर्माण करू शकत नाही. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर सुमारे २० मीटर आणि ओल्या रस्त्यावर सुमारे ३५ मीटर अंतर लागते. म्हणजे पावसात पुढील वाहनापासून राखावयाचे अंतर हाच सर्वांत स्वस्त व विश्वासू ब्रेक ठरतो.

पाणी : इंजिनाच्या आत आणि रस्त्यावर

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा मोठा भाग शीतक द्रवातून रेडिएटरकडे जातो. ह्या द्रवात शुद्ध पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल ह्यांचे मिश्रण असते. त्यातील गंजरोधक द्रव्ये आतील धातू सांभाळतात. नळाचे साधे पाणी ओतल्यास त्यातील क्षार आत थर धरतात. घरातील कुकरप्रमाणे रेडिएटरमध्येही दाब राखलेला असतो. त्यामुळे आतील द्रव १०० अंशांच्या वरही उकळत नाही. परंतु कुकरचे झाकण जसे वाफ असताना उघडीत नाहीत, तसेच गरम इंजिनाचे झाकणही कधी उघडू नये. दाब सुटताच द्रव उसळतो आणि तोंड व हात भाजतात. तापमानाचा काटा चढू लागल्यास सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे व ते पुरते थंड होऊ द्यावे.

वंगण-तेल सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, दांडीने मोजावे. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. ज्या मोटारीत दांडी नाही तिच्या बाबतीत पुस्तिकेतील रीत पाळावी. तेलाच्या दाबाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असे म्हणू नये. वंगणाशिवाय धातूवर धातू घासून इंजिन काही मिनिटांत निकामी होऊ शकते. पिवळा दिवा म्हणजे लवकर तपासणी; लाल दिवा म्हणजे ताबडतोब थांबणे, हा सोपा नियम घरातील सर्वांना ठाऊक असावा.

पावसाळ्यात जबलपूरच्या आसपासचे नाले आणि नद्या भरून वाहतात आणि रपट्यांवरून, म्हणजे ठेंगण्या फरशीच्या पुलांवरून, पाणी जाते. येथे आर्किमिडीजचा सिद्धान्त आठवावा. मोटारीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस मीटर धरले, तर तळाच्या वर चढणारे प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी तिला ५०० किलोंच्या बळाने वर उचलते. पाणी आत शिरण्यापूर्वी तळाच्या वर पाव मीटर चढले, तरी १२०० किलोची मोटार तरंगू लागते आणि प्रवाह तिला पुलावरून ढकलतो. गाडी जड आहे म्हणून पाण्यात टिकेल, हा भ्रम दरवर्षी माणसांचे जीव घेतो. वाहते पाणी रस्त्यावर आले असता परत फिरणे हाच शहाणपणा होय. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडले, तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असल्यास ते दाबले जात नाही आणि आतील दांडे वाकतात.

वीज, दिवे आणि हिवाळा

मोटारीची नेहमीची १२ व्होल्टची बॅटरी सहा घटांची असते. शिसे व गंधकाम्ल ह्यांच्या ह्या बॅटरीचे मूळ फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लान्ते ह्याच्या १८५९ मधील शोधात आहे. उन्हाळ्याची उष्णता तिचे आयुष्य हळूहळू कमी करते, परंतु अशक्तपणा उघड होतो तो डिसेंबर-जानेवारीतील थंड पहाटे. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते आणि वंगण-तेल घट्ट होते. म्हणजे कमी बळात अधिक काम करण्याची वेळ येते. इंजिन फिरविताना आवाज रेंगाळू लागला, तर दिवाळीच्या सुमारासच बॅटरी तपासून घ्यावी. जोडावरील पांढरी-हिरवट भुकटी साफ करवावी.

हिवाळ्यात दाट धुके पडते. अशा वेळी मागील लाल दिवे हे आपल्या जिवाचे राखणदार असतात. पण चालकास ते बसल्या जागेवरून दिसत नाहीत. आठवड्यातून एकदा दुसऱ्या कोणास मागे उभे करून ब्रेकचे व वळणाचे दिवे पाहून घ्यावेत. मुलांना हे काम आवडते, आणि त्या निमित्ताने त्यांस यंत्राची शिस्तही कळते. धुक्यात प्रखर झोत लावू नये. पाण्याच्या कणांवर आपटून तो प्रकाश चालकाच्याच डोळ्यांवर येतो.

पट्टा आणि हवेची पिशवी

ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी झाडावर आदळून थांबते, पण आतील माणसाची गती तशीच राहते. हा न्यूटनचा पहिला नियम होय. हा वेग म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, पडलेल्या माणसाचा जमिनीला टेकतानाचा वेग आहे. हाताने धरून हा धक्का कोणीही सोसू शकत नाही. मांडीवरील मूल तर मुळीच धरून ठेवता येत नाही. पट्टा शरीराला गाडीबरोबर थांबवितो आणि धक्का छाती व कमरेच्या बळकट हाडांवर वाटून देतो. पिशवी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगते. परंतु ती पट्ट्याला जोड म्हणून योजलेली आहे, त्याच्या ऐवजी नव्हे. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधणे तितकेच आवश्यक व कायद्याने बंधनकारक आहे. लहान मुलांस त्यांच्या मापाच्या आसनात मागे बसवावे. पट्टा फाटला किंवा सुटण्यास अडू लागला, किंवा पिशवीचा दिवा विझेनासा झाला, तर ती दुरुस्ती पुढे ढकलू नये.

एका वहीचे मोल

ह्या सर्व गोष्टी लक्षात ठेवण्यापेक्षा लिहून ठेवणे बरे. गाडीत दोन रुमालांच्या शेजारी एक लहान वही पुरते. आठवड्यातून एकदा टायरची हवा, वंगण-तेल, शीतक द्रव, काच पुसणारे वायपर आणि दिवे पाहावेत. हे काम दहा मिनिटांचे आहे. महिन्यातून एकदा टायरांच्या खाचा, सुटे चाक, जॅक, पाना व बॅटरीचे जोड तपासावेत. वर्षातून एकदा, अथवा पुस्तिकेत दिलेले किलोमीटर भरताच, जाणत्या कारागिराकडून पूर्ण तपासणी करवावी व काय बदलले ते तारीख आणि किलोमीटर ह्यांसह नोंदवावे. मे अखेरीस वायपर, टायर व ब्रेक, ऑक्टोबरात बॅटरी व दिवे, आणि मार्चमध्ये शीतक द्रव, अशी ऋतूंची विभागणीही करता येईल. विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि नोंदणी ह्यांच्या मुदती त्याच वहीत असाव्यात. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, आणि दुसऱ्यास होणाऱ्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. विजेवर चालणारी मोटार घेतली तरी ही वही मिटत नाही. तिला वंगण-तेल नसले, तरी टायर, ब्रेक, दिवे व पट्टे असतातच.

लष्कराच्या वाहनाची निगा ते चालेनासे झाल्यावर सुरू होत नाही. वाळवंटात किंवा बर्फाच्या खिंडीत बंद पडणे त्यास परवडणारे नसते. कुरईच्या घाटात अथवा पुराच्या पाण्यालगत कुटुंबाच्या मोटारीलाही ते परवडत नाही. रांझीच्या कारखान्यात वाहन निर्माण होते तेव्हा प्रत्येक जोड कोणी तरी पाहिलेला असतो. गाडी रस्त्यावर आल्यानंतर ते पाहणारे डोळे तिच्या मालकाचे असावे लागतात.